चोर कोण, हे कोण ठरवणार?

२०२५ सालच्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जगातील दोन देशांच्या न्यायालयांत तीन घटना घडल्या. त्या सुट्या सुट्या वाचल्या तर कायद्याच्या किरकोळ बाबी वाटतात. एकत्र वाचल्या तर आजच्या भांडवलशाहीचे अंतरंग उघडे पडते.

जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीविरुद्ध लेखकांनी आणलेल्या दाव्यात निर्णय दिला. यंत्राला शिकवण्यासाठी ग्रंथांचा उपयोग करणे हा कायदेशीर 'न्याय्य वापर' ठरतो, असे त्यांनी म्हटले. मात्र लिबजेन आणि तशाच अन्य चोरट्या ग्रंथसंग्रहांतून सत्तर लाखांहून अधिक प्रती उतरवून घेऊन त्यांचे कायमचे भांडार करणे या सवलतीत बसत नाही, असेही बजावले. ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने साय-हब हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या बड्या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये साय-हब आणि लिबजेन या दोहोंविरुद्ध लावलेल्या दाव्यातला हा आदेश होता. सप्टेंबरमध्ये अँथ्रॉपिकने दीडशे कोटी डॉलर मोजून लेखक-प्रकाशकांशी तडजोड केली.

म्हणजे काय झाले? ज्या लिबजेनच्या कपाटातून गरीब देशांतील संशोधक विद्यार्थी एखादे पुस्तक चोरून वाचतो म्हणून प्रकाशक न्यायालयात धाव घेतात, त्याच कपाटातून अमेरिकन कंपन्यांनी पुस्तकांच्या गाड्याच्या गाड्या भरून नेल्या. फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीनेही तोच मार्ग धरला होता, हे दुसऱ्या एका दाव्यातील कागदपत्रांतून उघड झाले आहे. विद्यार्थ्यासाठी दाराला कुलूप. कंपनीसाठी दंडाची पावती. पावतीची रक्कम डोळे दिपवणारी खरी, पण त्याच सप्टेंबरात या कंपनीचे बाजारमूल्य १८,३०० कोटी डॉलर धरले गेले होते. शंभरातला एक भागही लेखकांकडे गेला नाही. शिवाय ही भरपाई सुमारे पाच लाख पुस्तकांपुरतीच होती. उरलेल्या प्रतींपैकी कित्येक दुबार होत्या हे खरे. परंतु अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंदणी न झालेली पुस्तके मुळातच हिशेबाबाहेर ठेवण्यात आली. मराठीत, बंगालीत वा मल्याळममध्ये लिहिणाऱ्या लेखकाला वॉशिंग्टनच्या दप्तरात नाव घालण्याची बुद्धी कधी सुचली नव्हती, हा अर्थातच त्याचाच दोष!

मार्क्सवाद्यांना या प्रकाराचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. १८४२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सने 'ऱ्हाइनिश त्सायटुंग' या पत्रात जी लेखमाला लिहिली, तिचा विषय लाकूडचोरीचा कायदा हाच होता. जंगलात गळून पडलेल्या काटक्या गोळा करण्याचा गरिबांचा पिढीजात हक्क ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळाने चोरी ठरवला. जंगलाच्या मालकाला कायदा आपला खासगी रखवालदार म्हणून वापरता येतो, हे मार्क्सला प्रथम त्या काटक्यांनी दाखवले. अर्थशास्त्राच्या अभ्यासाकडे आपण वळलो त्याचा उगम त्याने पुढे या प्रकरणातही सांगितला. 'चोरी' हा शब्द आकाशातून पडत नाही. कोणत्या घेण्याला चोरी म्हणायचे आणि कोणत्या घेण्याला उद्योग म्हणायचे, हे सत्तेवर असलेला वर्ग ठरवतो.

आपल्या काळातील काटक्या कोणत्या? दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे एक लहानसे दुकान. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या ग्रंथांतील निवडक प्रकरणांच्या छायाप्रती बांधून ते विद्यार्थ्यांना पानामागे काही पैसे घेऊन देत असे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशनसंस्थांनी त्या दुकानदारावर व दिल्ली विद्यापीठावर दावा ठोकला. विद्यार्थ्यांनी आपली संघटना करून दाव्यात उडी घेतली, अमर्त्य सेन यांच्यासारख्यांनी प्रकाशकांना दावा मागे घेण्याची विनंती केली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी शिक्षणासाठी अशा प्रती काढणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात बसते असा निवाडा दिला. चार वर्षे त्या दुकानदाराच्या डोक्यावर तलवार टांगती होती. अमेरिकेत आरन स्वार्ट्‌झ या तरुणाच्या वाट्याला तेवढेही आले नाही. विद्यापीठाच्या जाळ्यातून शोधनिबंधांच्या लाखो प्रती उतरवून घेतल्याबद्दल त्याला जानेवारी २०११ मध्ये अटक झाली. त्यातील एकही त्याने विकला नव्हता. सरकारने त्याच्यावर कित्येक वर्षांच्या तुरुंगवासाचे आरोप ठेवले, आणि जानेवारी २०१३ मध्ये सव्विसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याच्याहून कितीतरी पटींनी अधिक साहित्य नफ्यासाठी उतरवून घेणाऱ्या एकाही कंपनीचा संचालक आजवर तुरुंगाच्या दारापर्यंत गेलेला नाही.

या तुलनेतून काही तरुण कार्यकर्ते एक सोपा निष्कर्ष काढतात. ज्ञान सर्वांचे आहे, कॉपीराइट ही बूर्झ्वा मालमत्ता आहे, तेव्हा यंत्राने सर्वांचे सर्व काही गिळले तर बिघडले कुठे? कलेचे लोकशाहीकरणच होत आहे, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद क्रांतिकारक वाटतो आणि कंपन्यांच्या वकिलांच्या तोंडी तो जसाच्या तसा आढळतो. तेवढ्याने तरी सावध व्हायला हवे. विद्यार्थ्याने छायाप्रत घेतली तर ज्ञान त्याच्या डोक्यात जाते आणि मूळ ग्रंथ जागेवर राहतो. कंपनीने ग्रंथ घेतला तर तो तिच्या यंत्रात जातो, ते यंत्र तिच्या मालकीचे असते, आणि त्या यंत्राकडून काम करून घेण्यासाठी त्याच ग्रंथाच्या लेखकाला दरमहा वर्गणी भरावी लागते. गायरान सर्वांचे असते हे खरे. पण कोणी त्याला कुंपण घातले आणि म्हटले की गायरान सर्वांचेच असल्यामुळे मीही ते घेऊ शकतो, तर त्याला समाजवादी म्हणत नाहीत.

चित्रकलेच्या क्षेत्रात हे अधिक स्पष्ट दिसते. ऑगस्ट २०२२ मध्ये बाजारात आलेले 'स्टेबल डिफ्युजन' हे चित्रे काढणारे यंत्र महाजालावरून गोळा केलेल्या अब्जावधी चित्रांच्या आणि त्यांच्या वर्णनांच्या संग्रहातून शिकवलेले होते. ज्यांची ती चित्रे, त्यांना विचारण्याची गरज कोणालाही भासली नाही. जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी त्याविरुद्ध दावा लावला. मार्च २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीच्या यंत्रातून जपानच्या जिब्ली चित्रपटसंस्थेच्या धाटणीची चित्रे काढण्याची साथ आली, तेव्हा भारत सरकारच्या 'मायगव्ह' खात्यानेही पंतप्रधानांची तशी चित्रे हौसेने प्रसृत केली. हायाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताने एकेक चौकट रंगवत चाळीस वर्षे घडवलेली शैली एका दुपारीत सरकारी जाहिरातीचा मसाला झाली.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. माणूसही पाहूनच शिकतो. घराण्यातला शिष्य गुरूची गायकी उचलतो, चित्रकलेचा विद्यार्थी जुन्या चित्रांची नक्कल करतो. शैलीवर कोणाचा मालकीहक्क कायदा मानत नाही आणि मानू नये. लाल बावटा कलापथकाची गाणी गिरणगावातून खेडोपाडी गेली, ती अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांची लेखी परवानगी घेऊन नव्हे. परंतु शिष्य शिकला म्हणजे जगात आणखी एक गवई होतो; त्याला पोट असते, तो म्हातारा होतो, तो पुढच्याला शिकवतो. यंत्र शिकले म्हणजे भांडवलदाराच्या स्थावरात भर पडते. प्रश्न शिकण्याचा नाहीच, मालकीचा आहे. यंत्र म्हणजे साठवलेले मृत श्रम, हे मार्क्सने कापडगिरणीच्या संदर्भात दाखवले. फरक एवढाच की त्या काळच्या मागात लोहाराचे आणि सुताराचे श्रम साठवलेले होते आणि त्यांची मजुरी, कमी का होईना, दिलेली होती. या नव्या मागात ज्यांचे श्रम साठले आहेत, त्यांना आपण मजूर होतो हेही ठाऊक नव्हते. आणि ज्यांना ठाऊक होते त्यांचे काय? ओपनएआयच्या यंत्राला घाणेरडा मजकूर ओळखायला शिकवण्यासाठी केनियातील नैरोबी येथे बसवलेल्या कामगारांच्या हाती ताशी दोन डॉलरहूनही कमी पडत होते, हे 'टाइम' साप्ताहिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आणले.

याच्या उलट दुसरी चूकही तितकीच धोक्याची आहे. ती म्हणजे कंपन्यांविरुद्धच्या रागात प्रकाशकांच्या आणि निर्मात्यांच्या झेंड्याखाली जाऊन उभे राहणे. कॉपीराइट हा कलावंताचा हक्क आहे असे म्हणतात. तो व्यवहारात क्वचितच कलावंताजवळ राहतो. मिल्टनने 'पॅराडाइज लॉस्ट' पाच पौंडांना विकले, याची आठवण मार्क्सने करून दिली होती. पुढे त्या काव्यावर पिढ्यान्‌पिढ्या कमाई झाली ती पुस्तक विक्रेत्यांची. भारताच्या कायद्यात चित्रपटाचा 'कर्ता' म्हणून ज्याचे नाव आहे तो दिग्दर्शक नाही, लेखक नाही, छायाचित्रकार नाही; तो आहे निर्माता, म्हणजे पैसा घालणारा. या एका व्याख्येचे फळ ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वांनी पाहिले. इरॉस कंपनीने २०१३ च्या 'रांझणा' चित्रपटाची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेने शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित केली. मूळ कथेत मरणारा नायक नव्या शेवटात जिवंत राहिला. दिग्दर्शक आनंद राय आणि अभिनेता धनुष यांनी जाहीर निषेध केला; चित्रपट मात्र चित्रपटगृहांत चालू राहिला. या प्रकरणात कोणतीही चाचेगिरी झालेली नाही. सर्व काही मालकाच्या हक्काने झाले आहे! कॉपीराइट बळकट करा, एवढीच मागणी करणाऱ्यांनी या उदाहरणाकडे नीट पाहावे.

गायकांच्या बाबतीत जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास मनाई केली आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसेच संरक्षण दिले, हे योग्यच झाले. पण नामांकित वकील उभा करू शकणाऱ्या कीर्तिवंतांपुरते ते संरक्षण आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत दिवसाच्या बोलीवर परभाषी चित्रपटांना मराठी-हिंदी आवाज देणाऱ्या कलाकाराचा आवाज एकदा यंत्रात भरला गेला की पुढच्या खेपेस त्याला बोलावणेच येत नाही. त्याने कोणाच्या नावाने दावा लावायचा?

केंद्र सरकारने या प्रश्नावर काय केले? दिल्ली उच्च न्यायालयात एएनआय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दावा दाखल केल्यानंतर हालचाल सुरू झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने एक कार्यपत्र प्रसिद्ध केले. त्यातील सूचना थोडक्यात अशी: कायदेशीररीत्या मिळवलेले कोणतेही साहित्य यंत्राला शिकवण्यासाठी वापरण्याचा सक्तीचा परवाना सर्व कंपन्यांना आपोआप मिळावा, कंपनीची कमाई सुरू झाली की तिने ठरावीक स्वामित्वशुल्क एका मध्यवर्ती संस्थेकडे भरावे, ती संस्था ते वाटून देईल. कलावंताला 'नाही' म्हणण्याचा हक्क मात्र या योजनेत नाही. संगणक उद्योगाच्या नॅसकॉम या संघटनेला एवढे शुल्कही जड वाटले आणि तिने विरोधी मत नोंदवले.

सक्तीचा परवाना ही कल्पना डाव्या चळवळीला परकी नाही. मार्च २०१२ मध्ये बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना देण्यात आला, आणि महिन्याला दोन लाख ऐंशी हजार रुपये पडणारे औषध आठ हजार आठशे रुपयांवर आले. त्याचे स्वागत डाव्यांनीच सर्वांत मोठ्याने केले होते. मग येथे विरोध का? कारण तेथे मक्तेदाराच्या हातातून काढून रोग्याला दिले होते; येथे चित्रकाराच्या, अनुवादकाच्या, कवीच्या हातातून काढून मक्तेदाराला द्यायचे आहे. हत्यार तेच, परंतु त्याची मूठ आणि पाते यांची अदलाबदल झालेली आहे. सरकारची खरी ओढ कोठे आहे ते दुसऱ्या एका निर्णयावरूनही दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र एक वर्गणी' या नावाने शोधपत्रिकांच्या तीस प्रकाशकांसाठी तीन वर्षांचे सहा हजार कोटी रुपये मंजूर झाले. प्रकाशकांशी बसून किंमत ठरवता येते, त्यांना पैसे आगाऊ मिळतात. कलावंताशी बसायचे नाही. त्याने कंपनीच्या कमाईची वाट पाहायची.

न्यायालयात आणि कार्यपत्रात जे मिळाले नाही ते काही ठिकाणी संपाने मिळवले आहे. २ मे २०२३ रोजी हॉलिवुडचे सुमारे साडेअकरा हजार पटकथालेखक संपावर गेले आणि १४८ दिवस टिकून राहिले. मध्यावर नट-नट्यांची संघटनाही उतरली. यंत्राने लिहिलेल्या मजकुराला लेखकाचा दर्जा मिळणार नाही, लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती करता येणार नाही, यंत्राचा मजकूर हाती दिला तर तसे सांगावे लागेल, ही कलमे त्यांनी करारात घालून घेतली. यंत्र फोडा, असे त्यांनी म्हटले नव्हते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ मध्ये दोनांऐवजी तीन माग चालवण्याच्या सक्तीविरुद्ध सहा महिने संप केला, तेव्हा त्यांचेही भांडण मागाशी नव्हते. वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणाला आणि बेकारी कोणाला, याच्याशी होते. फरक असा की गिरणीत कामगार एका फाटकातून आत जात. आजचा चित्रकार, अनुवादक, आवाज देणारा कलाकार एकेकटा घरी बसलेला आहे आणि स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला अजून लाजतो. त्याची ही लाज घालवण्यात जनसंघटनांनी आजवर फार थोडे लक्ष घातले, हे मान्य केले पाहिजे.

आत्मपरीक्षण तेवढ्यावर थांबत नाही. मार्च २०२४ मध्ये निवडणूक प्रचारासाठी पश्चिम बंगालमध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने 'समता' नावाची यंत्रनिर्मित निवेदिका पडद्यावर आणली होती. मेळाव्यांच्या भित्तिपत्रकांवरही मुठी वळलेले, चकचकीत, सहा-सहा बोटांचे कामगार दिसू लागले आहेत. वेळ वाचतो, पैसे वाचतात, हे कारण सांगितले जाते. मालकही तेच कारण सांगतो. नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यातून पायी हिंडले आणि दुष्काळात मरणाऱ्या माणसांची चित्रे त्यांनी शाईने रेखाटली. चित्रांतल्या कित्येक माणसांची नावे-गावे त्यांनी विचारून घेतली होती. 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळल्या. पुढे मुंबईत अंधेरीला त्यांनी आयुष्य काढले ते हलाखीत. भुकेल्या माणसाचे चित्र यंत्र आज क्षणात काढून देईल, आणि त्या चित्रातला माणूस जगात कोठेही नसेल. असे चित्र जाळण्याची गरज कोणत्याही सरकारला वाटणार नाही.

तेव्हा भूमिका कोणती घ्यायची? विद्यार्थी, ग्रंथालये, शाळा, संशोधक यांच्या नफारहित वापराला कॉपीराइटचा अडसर असता कामा नये. ५२ व्या कलमाचे रक्षण आणि विस्तार झाला पाहिजे. नफ्यासाठी यंत्र बनवणाऱ्याने कोणाचे साहित्य वापरले त्याची यादी जाहीर केली पाहिजे, आणि प्रत्यक्ष निर्मिती करणाऱ्याला नकाराचा हक्क असला पाहिजे. इंडिया एआय मिशनखाली मार्च २०२४ मध्ये जनतेचे दहा हजार तीनशे कोटींहून अधिक रुपये मंजूर झाले. त्यातून घडणारी यंत्रणा सार्वजनिक मालकीची असली पाहिजे, खासगी कंपन्यांना स्वस्तात संगणकशक्ती पुरवण्याची ती पाणपोई होता कामा नये. आणि जे शुल्क मिळेल त्यातील निर्मात्या कलावंताचा वाटा कोणत्याही करारनाम्याने दुसऱ्याला विकता येणार नाही, अशी तरतूद हवी. ती नवी नाही. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या गीतकारांना आणि संगीतकारांना असाच अविभाज्य वाटा मिळाला आहे. त्यासाठी जावेद अख्तर यांना राज्यसभेत संगीत कंपन्यांशी उघड झुंज द्यावी लागली होती.

याच दुरुस्तीतील आणखी एका वाक्याकडे मुंबई, पुणे, हैदराबाद, कोलकाता येथील सांस्कृतिक आघाडीच्या कार्यकर्त्यांचे लक्ष अजून गेलेले दिसत नाही. कायद्याच्या १८ व्या कलमानुसार, हक्क लिहून देताना जे माध्यम किंवा जो वापर अस्तित्वात नव्हता वा व्यापारी उपयोगात नव्हता, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज तो हक्क लिहून घेणाऱ्याकडे जात नाही. ही दुरुस्ती अमलात आल्यानंतर आणि ही यंत्रे बाजारात येण्यापूर्वी ज्या लेखकांनी, अनुवादकांनी, चित्रकारांनी आपले हक्क प्रकाशकांना वा निर्मात्यांना लिहून दिले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या करारात यंत्रशिक्षणाचा शब्दही नसणार. प्रकाशक मात्र आज तेच हक्क कंपन्यांना विकायला निघतील. ते करार बाहेर काढून, एकत्र बसून, वकिलाकडून वाचून घेण्याचे काम प्रत्येक शाखेला या महिन्यातच सुरू करता येईल.